कुन्झेनाउचा माणूस

ट्राउटे त्या माणसाला ‘तू’ म्हणाली.

बोडो ओपरमान तेव्हा पाणीघराच्या खांबापाशी उभा होता. लपून नव्हे. बायको ट्राउटे चष्मा घरी विसरली होती, तिच्या निरोपावरून तो द्यायला आला होता, आणि सकाळचे पावणेआठ म्हणजे झऱ्याचं पाणी प्यायला आलेल्या पाहुण्यांची झुंबड, म्हणून रांग ओसरायची वाट बघत होता. ट्राउटे पांढरा एप्रन बांधून कठड्यामागे उभी होती. तिच्या पाठीमागच्या फळ्यांवर दोनशे चाळीस पेले, प्रत्येकावर पाहुण्याचा क्रमांक, आणि ती क्रमांक न विचारता ज्याचा पेला त्याच्या हातात ठेवत होती. तिच्या ह्या हातोटीचं बोडोला नेहमी कौतुक वाटायचं. रांगेतून एक रुंद खांद्यांचा, खोकणारा माणूस पुढे सरकला. तिने त्याचा पेला काढला, नळाखाली धरला, मग काय वाटलं कोण जाणे, तो ओतून दिला आणि म्हणाली, “थांब, गार पिऊ नकोस. तुला कोमट देते.” एवढंच. तो माणूस हसला आणि पेला घेऊन बाजूला झाला. मागच्या बाईंना ट्राउटे म्हणाली, “या, तुमचा गुडघा काय म्हणतोय?” म्हणजे जीभ घसरलेली नव्हती. जीभ घसरली की माणूस ती चावतो, निदान कानामागे लाल तरी होतो. ट्राउटे लाल झाली नाही. बोडोने हातातली चष्म्याची डबी कोटाच्या खिशात टाकली आणि चष्मा न देताच तो बाहेर पडला.

‘तू’ ही गोष्ट बाड विल्केनरोडमध्ये कुणी वाटेवर सांडत नाही. बोथेबाई एकोणीस वर्षं ट्राउटेच्या शेजारी उभ्या राहून पेले विसळताहेत, दोघी एकमेकींची दुखणीखुपणी जाणतात, तरी आजही दोघींत ‘तुम्ही’च आहे. बोडो भूमापन कचेरीतून निवृत्त झाला त्या दिवशी त्याचे साहेब दोन पेले जास्त झाल्यावर म्हणाले होते, आता आपण अरे-तुरे करायला हरकत नाही. पुढच्या सोमवारी बाजारात गाठ पडली तेव्हा दोघेही ओशाळले आणि पुन्हा ‘तुम्ही’वर आले. स्वतः ट्राउटेने बोडोला ‘तू’ म्हणायला दीड वर्ष घेतलं होतं. साखरपुडा झाल्यावर, पुलावर, आणि तेही इतकं हळू की त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावावं लागलं. ते ‘तू’ त्याने कमावलेलं होतं. आणि ह्या खोकणाऱ्याला ते कोमट पाण्याबरोबर फुकट मिळालं! बोडोला घशाखाली काहीतरी आंबट चढल्यासारखं झालं. पित्त म्हणावं तर त्याला पित्त कधी नव्हतं. त्याला होता तो हेवा, आणि तो जन्माचा होता. डोंगरापलीकडच्या क्लाउसग्रुंडला नावाआधी ‘बाड’, म्हणजे औषधी झऱ्याचं गाव, असं लावायचा मान १९११ साली मिळाला, विल्केनरोडला १९२४ साली. ह्या तेरा वर्षांचा हेवा तो लहानपणापासून वाहत आला होता आणि अजूनही क्लाउसग्रुंडच्या बेकरीतला पाव त्याला बेचव लागायचा. लोक हसायचे. हसेनात का! ज्याला आपल्या गावासाठी हेवा वाटत नाही त्याला गावच नसतं, असं बोडोचं म्हणणं होतं.

आणि गावात असल्या प्रकरणाला एक शब्द होता: सावली. विमाकंपनीच्या कृपेने माणसं सहा-सहा आठवडे इथे एकटी येतात. सकाळी पाणी, मग चिखलाची आंघोळ, मग झोप, मग कुरहाउसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या सभागृहाच्या, बागेत फेऱ्या आणि बँड. तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी बाजूने कुणीतरी चालायला लागतं. नव्वद नंबरला सावली मिळाली, असं मग बोथेबाई सांगतात. सहाव्या आठवड्यात सावली स्टेशनवर रुमाल हलवते आणि आपल्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे परत जाते. गाव ह्या सावल्यांना हसतं आणि त्यांच्याच जिवावर केक नि वाइन खपवतं. पण सावल्या पाहुण्यांच्या. गावच्या माणसाने कुणाची सावली व्हायचं नसतं. हलवाई आपल्या दुकानातलं खात नाही, तसं.

पाणीघराच्या मागच्या दाराशी बोथेबाई सिगारेट ओढत उभ्या होत्या. त्यांना टाळायला दुसरी वाट नव्हती.

“काय ओपरमानसाहेब, इतिहास सोडून आज वर्तमानकाळात कसे?”

“चष्मा द्यायला आलो होतो.”

“दिलात?”

“गर्दी आहे.”

“गर्दी तर आहेच. एकशे सतरा नंबर पाहिलात ना? आर्नो चिर्नर. गेल्सेनकिर्खेनचा, खाणीतला. छातीत कोळशाची धूळ भरलीय. दुसरा आठवडा चालू आहे.”

“मी कुठे विचारलं?”

“तुम्ही नाही विचारलंत, मी सांगतेय. गेल्या गुरुवारी दुपारी कुरहाउसच्या काचघरात बसली होती दोघं, ताडाच्या कुंडीमागे. बसेनात का बापडी. पण मी तिचं हसणं ऐकलं हो! एकोणीस वर्षांत मला नाही कधी तसं हसून दाखवलं तिने.”

“बोथेबाई, तुमची सिगारेट संपली.”

“सिगारेट संपते, साहेब, लोकांची तोंडं कुठे संपतात? मी आपलं तुमच्या भल्यासाठी सांगितलं. सावली बाहेरून आली तरी पडते ती कुणाच्या तरी अंगणातच.”

घरी न जाता बोडो डोंगराच्या वाटेला लागला. डोकं तापलं की त्याला चढ लागायचा. पाऊण तासाने तो त्या सुळक्यावर पोचला जिथून सगळं गाव एका नजरेत येतं, आणि नेहमीच्या सवयीने त्याने ते तपासलं, जसं घराबाहेर पडताना खिसे चाचपावेत. दोन ओढे, एक लोखंडाने तांबूस, एक गढूळ, बाजारपुलाच्या खाली भेटतात. उत्तरेच्या अंगाला पाटीचा काळा दगड, दक्षिणेला वाळूचा लाल. दोहोंच्या मधल्या भेगेतून झरा वर येतो, मिनिटाला चौसष्ट लिटर, उन्हाळा असो की बर्फ. कुणा कोळसेवाल्याच्या लंगड्या गाईने तो शोधला ही दंतकथा. बोडोने तीन हिवाळे कागद चाळून सिद्ध केलं होतं की ती गाय १८११ साली एका खाणावळवाल्याने जाहिरातीसाठी जन्माला घातली. पूर्वेला ब्रोकेन, त्याच्या माथ्यावर रशियनांचे मनोरे, आणि मधे दोन जर्मनींची ती सरहद्द, तारांची. विल्केनरोडचं पाणी मुळात त्या तारांपलीकडे पडतं. तिथला पाऊस दगडात मुरतो आणि चाळीस वर्षांनी इथे येऊन नळातून बाहेर पडतो, असं बोडोचं अनुमान होतं. मंगळवारच्या व्याख्यानात तो ते सांगायचा तेव्हा झोपलेले पाहुणेसुद्धा डोळे उघडायचे. चाळीस वर्षं! म्हणजे आज जे पितोय ते पाणी पडलं तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, आणि ट्राउटे बारा वर्षांची, कुठेतरी दूर, आता पोलंडात गेलेल्या सायलेशियात, त्याने कधीही न पाहिलेल्या कुठल्याशा रस्त्यावर उड्या मारत. हा विचार त्याला पूर्वी कधी आला नव्हता. त्याला तो आवडला नाही.

त्याने गावाचा इतिहास आणि भूगोल तीन खंडांत लिहिला होता. आगीत कोणती घरं जळली, आगगाडी आली तेव्हा फलाटावर कोण फुलं घेऊन उभं होतं, युद्धात कुरहाउसचं इस्पितळ झालं तेव्हा किती खाटा पडल्या, सगळं. तिसऱ्या खंडात १९४६ सालाखाली एक ओळ होती: ‘ह्या वर्षी गावात चारशे बारा निर्वासितांची सोय करण्यात आली.’ त्या चारशे बारांतली एक त्याच्या घरात होती, आणि ही गोष्ट त्याला आतापर्यंत विनोदी वाटायची. सुळक्यावर बसल्या-बसल्या त्याला मार्च महिना आठवला. ट्राउटे इस्त्री करत होती आणि तिने विचारलं होतं, “सप्टेंबरचा दुसरा आठवडा कसा आहे तुझा?” सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ‘बाड’ला पन्नास वर्षं पुरी होणार होती. मिरवणूक, प्रदर्शन, बोडोचं भाषण. तो म्हणाला होता, “सप्टेंबरात मला मरायलाही सवड नाही.” तिने बाही उलटून दुसऱ्या बाजूने इस्त्री फिरवली होती. सवड विचारत होती ती माझ्यासाठी नव्हे, बोडोच्या मनात आलं. मी कामात कधी गुंतलेला असेन ते तिला जाणून घ्यायचं होतं. चिर्नरला आपण कधी मोकळ्या आहोत ते कळवायचं होतं. मार्चमध्ये! म्हणजे हे सगळं आधीपासूनचं आहे, हा खोकला, हा विमा, हे कोमट पाणी. ती जाणार. त्याने हे मनातल्या मनात स्वच्छ शब्दांत म्हटलं, आणि बासष्ट वर्षांच्या त्या माणसाला सुळक्यावर बसल्या जागी इतकं एकटं वाटलं की तो घाईघाईने उठून गावाकडे उतरू लागला.

जेवायला उकडलेले बटाटे, दह्याचा चक्का आणि जवसाचं तेल होतं. हे जेवण विल्केनरोडचं नव्हे. ते तिने बरोबर आणलं होतं, आणि लग्नानंतर बरीच वर्षं बोडो ते ‘तुमचं तेल’ म्हणत असे.

“चष्मा आणणार होतास ना?” ट्राउटे म्हणाली.

“विसरलो.”

“तू? तू आणि विसरलास?”

“कुणी नवीन आलंय?”

“तेच ते. गुडघे, पित्त, छाती.” तिने त्याच्या ताटात बटाटा वाढला. “गुरुवारी मला जरा उशीर होईल.”

“का?”

“काम आहे.”

कसलं काम, हे पाच अक्षरांत विचारता आलं असतं. बोडोने मीठ मागितलं. तो तिच्या हाताकडे बघत राहिला, पाण्यात राहून राहून पांढरट झालेली बोटं, आणि त्याला तो हात पहिल्यांदा दिसला ती वेळ आठवली. शेहेचाळीसच्या वसंतात निर्वासितांना जागा नेमून द्यायचं काम नगरपालिकेने त्याच्यावर टाकलं होतं, कारण प्रत्येक घराचे चौरस मीटर त्याला तोंडपाठ होते. कुरहाउसच्या नाचघरात घोंगड्यांचे पडदे लावून चौसष्ट कुटुंबं बसवली होती. त्यातली एक मुलगी, एकटीच, सकाळी उठून कुणालाही न विचारता झऱ्यापाशी गेली, तिने ओंजळीने पाणी घेतलं, तोंडात घोळवलं, आणि नोंदवही घेऊन उभ्या असलेल्या बोडोकडे वळून म्हणाली, “पातळ आहे.” विल्केनरोडच्या पाण्याला पातळ! सायलेशियातल्या बाड कुन्झेनाउच्या झऱ्याच्या रखवालदाराची ती मुलगी. तिचा आजाही तेच करायचा. आमच्याकडे पाण्याला लोखंडाची चव आहे, म्हणाली, आमच्याकडे चमचा दोन दिवस पाण्यात ठेवला की लाल होतो. बोडोला राग आला आणि त्या रागातच तो तिच्या प्रेमात पडला. ह्या दोन गोष्टी त्याच्यापुरत्या कधी वेगळ्या झाल्याच नाहीत. पहिली वर्षं तिच्या तोंडी सारखं ‘आमच्याकडे’ असायचं. आमच्याकडे पावात जिरं, आमच्याकडे नाताळात खसखशीचे गोळे, आमच्याकडे बर्फ पायरीपर्यंत नव्हे, खिडकीपर्यंत. आणि दर ‘आमच्याकडे’ला बोडो विल्केनरोडचा एक आकडा, एक सनावळी काढून दाखवायचा, हसत हसत, चिमटे काढत. हळूहळू ‘आमच्याकडे’ कमी झालं. मग थांबलं. कधी थांबलं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. बाई सासरी रमली, असं त्याने मानलं, आणि मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात हेही मानलं की क्लाउसग्रुंडशी हरलो तरी कुन्झेनाउशी आपण जिंकलो. आता बटाटे थंड होत होते आणि त्याला वाटत होतं, इतकी वर्षं ही गप्प होती ती रमल्यामुळे गप्प होती, की कुणीतरी ऐकणारा यायची वाट बघत?

गुरुवारी दुपारी साडेतीनला बोडो कुरहाउसच्या काचघरात शिरला. आपण हेरगिरी करतोय हे त्याला कळत होतं आणि लाजही वाटत होती, पण पाय थांबत नव्हते. ताडाच्या कुंडीअलीकडे तो थांबला. पलीकडून हसणं आलं. बोथेबाई खोटं बोलल्या नव्हत्या. ते हसणं पोटातून येत होतं, मोठं, गावंढळ, पोरीचं. आणि त्यामागून आवाज आला, ट्राउटेचाच, पण असली भाषा तिच्या तोंडून त्याने अठ्ठावीस वर्षांत ऐकली नव्हती.

“आरं येड्या, बेकरी हितं न्हवती! हितं मेन्झेलचा गोठा व्हता. तू पडला न्हवतास का शेणात, देवळाच्या कपड्यांनिशी?”

“मी न्हाई, माझा भाऊ पडला.”

“तूच. तुझ्या आयनं तुला आमच्या हौदात बुचकळलं. लोखंडाच्या पाण्यात. आठ दिस तांबडा फिरत व्हतास!”

बोडोला पुढे जायचं नव्हतं, पण त्याचा धक्का कुंडीला लागला. दोघांनी वर पाहिलं. ट्राउटे दचकली नाही. टेबलावर भिंतीला लावायच्या कागदाची गुंडाळी उलटी पसरली होती, चारी कोपऱ्यांवर कपबशा ठेवलेल्या, आणि सगळ्या कागदावर पेन्सिलीच्या रेघाच रेघा.

“बोडो? ये, बस,” ती म्हणाली, आपल्या रोजच्या भाषेत. तो बदल त्याला चपराक मारल्यासारखा लागला. “हा आर्नो. आमच्या शेजारचा. आणि हा माझा नवरा.”

चिर्नर उठून उभा राहिला, खोकला, हात पुढे केला. “तुम्हीच का ते! मी मंगळवारी आलो होतो तुमच्या व्याख्यानाला. मला काही झोप लागली नाही हो.” मग त्याला बोडोच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. “ते तू-बीचं मनावर घेऊ नका. कुन्झेनाउचा माणूस कुन्झेनाउच्या माणसाला अहो-जाहो करत नाही. केलं तर समजायचं, बांधावरून भांडण झालंय. पहिल्याच दिवशी मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हटलं, हे काय पाणी हाय व्हय! तर ही पेला टाकून बघायलाच लागली माझ्याकडे.”

बोडोला एक क्षण सुटल्यासारखं झालं. बालपणीचा शेजारी! शेणात पडलेला! त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं. तो खुर्चीत बसला, त्याने कागद आपल्याकडे ओढला, आणि तेवढ्यात ते आंबट पुन्हा वर चढलं, आधीपेक्षा जास्त. कारण आयुष्यभर नकाशे काढलेल्या त्याच्या डोळ्यांना दिसत होतं की हा नकाशा वाईट आहे, अगदी वाईट, ह्याला प्रमाण नाही, उत्तर दिशा नाही, देऊळ घरापेक्षा लहान आणि गोठा देवळाएवढा. आणि त्यात एकही जागा रिकामी नाही. बाकाखाली कुणी नाव कोरलं, कुठल्या पायरीवर पाय घसरतो, कोणत्या कुंपणातून हात घालून आलुबुखार तोडता येतात, सगळं तिच्या बारीक अक्षरात. अठ्ठावीस वर्षांत तिने त्याला एक किराणा मालाची यादी सोडून काही लिहून दाखवलं नव्हतं. माणसाचा हेवा करता येतो, माणसाला ठोसा मारता येतो, सहा आठवड्यांनी तो गाडीत बसून जातो. एका अख्ख्या गावाचं काय करायचं? आणि तेही नकाशातून पुसलेल्या, पोलिश नाव घेतलेल्या गावाचं, जे कधी म्हातारं होणार नाही.

“हा ओढा चुकलाय,” तो म्हणाला. “इथे चढ दाखवलाय तुम्ही. पाणी चढावर जात नाही.”

“आमच्याकडे जायचं,” ट्राउटे म्हणाली.

“भूगोल आहे, ट्राउटे. भूगोलात आमच्याकडे-तुमच्याकडे नसतं.”

“गिरणीचा पाट होता तो, लाकडी, खांबांवर. त्याच्याखालून मी शाळेत जायची. डोक्यावर थेंब पडायचे.” ती रागावली नव्हती. “सप्टेंबरात कुन्झेनाउला बस जातेय, बोडो. आता जाऊ देतात. आर्नोला डॉक्टर सोडत नाहीत, म्हणून त्याला आठवतंय तेवढं काढून घेतेय.”

“सप्टेंबरात,” बोडो म्हणाला.

“मी मार्चमध्ये दोन जागा सांगून ठेवल्या होत्या. मग एक सोडली.”

बोडोने कागद पुन्हा स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, “मी येतो.”

“नको. तुझ्या ‘बाड’ची सुवर्णजयंती आहे.” टोमणा नव्हता त्यात, टोमणा असता तर बरं झालं असतं. “तू तिथे येऊन काय करणार? तुला प्रत्येक गोष्ट इथल्यापेक्षा लहान दिसेल.”

चिर्नर खिडकीबाहेर बघू लागला. बोडोने नजर कागदावर ठेवली आणि त्याला झऱ्याच्या घराच्या भिंतीशी एक छोटासा क्रूस दिसला. बाकी सगळीकडे नाव होतं, इथे नव्हतं.

“हे काय?”

“बाबा,” ट्राउटे म्हणाली.

लग्नाच्या अर्जावर ‘वधूपिता : मृत, १९४५’ असं त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. झऱ्यांच्या सनावळ्या विचारत वणवण फिरलेल्या त्या माणसाने कुठे आणि कसे, हे विचारलं नव्हतं. युद्धात सगळ्यांचेच गेले होते.

“कबरस्तानात का नाही?”

“टायफॉइड होता. पेटी मिळेना, खणायला माणूस मिळेना, गाडी मिळेना. आर्नो आणि मी, आम्ही त्यांना चादरीत घेतलं. लांब नेववेना. मग भिंतीशीच.” ती एकदम थांबली आणि बोटाने क्रूस पुसल्यासारखा करून पुन्हा म्हणाली, “भिंत अजून उभी आहे, असं ऐकलंय. बाकी सगळं सपाट करून बाग केलीय. भिंतीपासून किती, तेवढंच कळायला पाहिजे. मी म्हणते तीन पावलं.”

“पाच,” चिर्नर म्हणाला.

“तीन, आर्नो.”

“पाच. मी मोजली होती. तू रडत व्हतीस.”

“मी न्हाई रडले. तू रडलास.”

आणि मग दोघं त्या भाषेत भांडायला लागली, तीन-पाच, तीन-पाच, पोरं गोट्यांवरून भांडतात तशी, आणि बोडो मधे बसून एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला. असं भांडायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याच्याशी ती कधीच अशी भांडली नव्हती. त्याच्यापुढे ती नेहमी हरत आली होती, सहज, बशी पुढे सरकवावी तशी.

“पावलं कुणाची?” त्याने विचारलं.

दोघांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.

“पुढे कोण होतं? मागे कोण? रिकाम्या हाताचं पाऊल वेगळं, ओझ्याचं वेगळं. जो उलटा चालतो त्याची पावलं आखूड पडतात आणि जास्त होतात. तुम्ही दोघंही खरं सांगत असाल.” हे त्याचं काम होतं, हे त्याला येत होतं. त्याचा आवाज आपोआप कचेरीतला झाला. “तो खांब म्हणजे भिंत धरा. उठा. चालून दाखवा.”

काचघरात तीन-चार पाहुणे कॉफी पीत बसले होते. ट्राउटेने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती खांबाला पाठ लावून उभी राहिली, वाकली आणि दोन्ही हात पायांशी काहीतरी धरल्यासारखे केले. चिर्नर तिच्यासमोर आला, त्यानेही हात खाली नेले, काखेत धरावं तसे. एकमेकांना मान डोलवून त्यांनी उचललं. तो उलटा, ती सुलटी. तिच्या खांद्यांना खरोखरीचा बाक आला होता, मानेची शीर ताठली होती. चिर्नरचा श्वास घरघरत होता. एक. त्याची दोन झाली. दोन. ट्राउटे म्हणाली, “हळू, आर्नो. डोस्कं. डोस्कं धर त्यांचं.” तीन. चिर्नरची पाच झाली. दोघांनी हळूहळू वाकून ते खाली ठेवलं, पण लगेच हात सोडले नाहीत.

खाली काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या, १९०४ सालच्या, तीस सेंटिमीटरच्या. बोडोला मोजपट्टी लागली नाही. खांबापासून सात.

“दोन मीटर दहा,” तो म्हणाला.

एका टेबलावरच्या बाईंनी चमचा बशीत ठेवला. ट्राउटे फरशीकडे बघत होती, आणि चिर्नर तिच्याकडे नव्हे, तोही फरशीकडेच बघत होता. त्या दोघांमध्ये सात फरश्यांपलीकडे जे होतं ते दोघांनाही दिसत होतं. बोडो दोन पावलांवर उभा होता आणि त्याला काळ्या-पांढऱ्या फरश्याच दिसत होत्या. मधे धर, असं कुणी म्हटलं असतं तर त्याने धरलं असतं. तो वाट बघत राहिला, पण कुणी म्हटलं नाही.